बोलोन्यात शिकायला जाताना : कागदपत्रे, घर आणि पहिले सत्र

बोलोन्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने 1088 सालची मानली जाते आणि युरोपातील, आजवर सलग चालत आलेले, सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून ते ओळखले जाते. कोपर्निकसने पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे कायद्याचा अभ्यास केला, आणि 1732 मध्ये लाउरा बास्सी या विदुषीला येथेच प्राध्यापकपद मिळाले. अशा शहरात शिकायला मिळणे भाग्याचे आहे, असे मी मनापासून मानतो. मात्र येथे दोन वर्षे काढल्यानंतर, नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना इतिहासाच्या आधी सांगावीशी वाटते ती गोष्ट म्हणजे कामांचा क्रम. इटलीत एक कागद दुसऱ्या कागदावर उभा असतो. पहिला उशिरा मिळाला की पुढचे सगळे खोळंबतात, आणि कार्यालयात कितीही विनवण्या केल्या तरी क्रम बदलत नाही.

भारतातून निघण्यापूर्वी

बारा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण झालेल्यास, म्हणजे आपल्याकडील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास, इटलीतील पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो. आपली तीन वर्षांची पदवी दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी, ज्याला तेथे ‘लाउरेआ माजिस्त्राले’ म्हणतात, सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाते. मात्र पदवीच्या काळात कोणते विषय किती शिकलात, याच्या अटी प्रत्येक अभ्यासक्रमाच्या स्वतंत्र असतात आणि त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशसूचनेत तपशिलाने दिलेल्या असतात. ही सूचना अथपासून इतिपर्यंत स्वतः वाचावी. इंग्रजी माध्यमाच्या अनेक अभ्यासक्रमांच्या अर्जाच्या फेऱ्या आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचे असेल तर तयारीला त्याच्या आदल्या दिवाळीत लागलेले बरे.

विद्यापीठाकडून प्रवेशाचे पत्र आले की ‘युनिव्हर्सिटाली’ या इटालियन शासनाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी लागते. विद्यापीठाने ती मान्य केल्यानंतरच व्हिसाचा अर्ज पुढे जातो. या काळात पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रके यांचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणीकरण, करून घ्यावे. महाराष्ट्रातील प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होतात आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मिळतो, म्हणून या कामाला काही आठवडे हाताशी ठेवावेत. आपली पदवी इटलीतील कोणत्या पदवीशी तुल्य आहे, हे दाखवण्यासाठी एकतर वाणिज्य दूतावासाकडून पदवीचे मूल्यपत्र घ्यावे लागते किंवा ‘चिमेआ’ या रोममधील संस्थेकडून तुल्यतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. दुसरा मार्ग संपूर्णपणे ऑनलाइन असल्यामुळे मला तो अधिक सोयीचा वाटला.

महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यार्थ्यांचा व्हिसा मुंबईतील इटालियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठीचा हा व्हिसा ‘डी’ प्रकारचा असतो. वर्षभराचा खर्च भागवण्याइतकी रक्कम, राहण्याची सोय आणि आरोग्यविमा यांचे पुरावे त्यासोबत जोडावे लागतात. मूळ कागदांचा एक संच, त्यांच्या छायाप्रतींचे दोन संच आणि सर्वांच्या स्कॅन प्रती, अशी जुळवाजुळव येथेच करून घ्यावी. मूळ कागद चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावेत, कारण ते पहिल्या आठवड्यातच लागतात.

शिष्यवृत्तीचे कागद, जे तेथे गेल्यावर मिळत नाहीत

बोलोन्यातील विद्यापीठ शुल्क कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार ठरते आणि एमिलिया-रोमान्या प्रांताची ‘एर्गो’ ही संस्था गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि भोजनात सवलत देते. शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्कही माफ होते. परदेशी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, हा आपल्याकडे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. मराठी मध्यमवर्गीय घरातून आलेले कित्येक जण याच आधारावर शिक्षण पूर्ण करतात, म्हणून या भागावर मी थोडा अधिक वेळ घेतो.

त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे एक मोजमाप काढले जाते. त्याचे नाव ‘इझे’, आणि परदेशातील उत्पन्नावरून काढलेल्या मोजमापाला ‘इझे पारिफिकातो’ म्हणतात. ते ‘काफ’ नावाच्या करसाहाय्य केंद्रात तयार होते. लागणारे कागद पुढीलप्रमाणे : कुटुंबात कोण कोण आहे याचा दाखला, कमावत्या प्रत्येक सदस्याच्या उत्पन्नाचा दाखला, 31 डिसेंबर रोजी बँक खात्यांत असलेल्या शिलकीचा दाखला आणि घराच्या क्षेत्रफळाचा दाखला. हे सारे अधिकृत असावे लागतात, त्यांना अपोस्टिल आणि इटालियन भाषांतर जोडावे लागते.

आपल्या माणसांची गडबड नेमकी दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे इटलीतील हिशेबाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि आपले एप्रिल ते मार्च. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला घेताना तो नेमका कोणत्या काळाचा आहे, हे स्पष्ट लिहून घ्यावे आणि शिष्यवृत्तीच्या सूचनेत ज्या वर्षाचे उत्पन्न मागितले आहे त्याच्याशी ते ताडून पाहावे. दुसरी गोष्ट घराची. परदेशातील घराची किंमत बाजारभावाने न धरता दर चौरस मीटरला 500 युरो या ठरीव दराने धरली जाते. आपल्या कागदांवर क्षेत्रफळ चौरस फुटांत असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट, त्यामुळे 600 चौरस फुटांचे घर साधारण 56 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 28,000 युरोंचे धरले जाते. दाखल्यावर 600 हा आकडा एककाशिवाय गेला आणि समोरच्या व्यक्तीने तो मीटरमध्ये वाचला, तर तेच घर तीन लाख युरोंचे होते आणि शिष्यवृत्ती हातची जाते. म्हणून क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, शब्दांत आणि अंकांत, लिहून घ्यावे. अर्जाची मुदत सत्र सुरू होण्याच्या सुमारासच संपत असल्याने हे कागद भारतातच तयार करून न्यावे लागतात. नंतर आईवडिलांना तहसील कार्यालयाच्या फेऱ्या घालायला लावणे फार जिवावर येते.

नाव कसे लिहायचे

हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण मराठी विद्यार्थ्यांना तो हमखास नडतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव वडिलांच्या नावासह दुसऱ्या रकान्यात असते. समजा, नाव स्नेहा रमेश कुलकर्णी आहे. इटलीच्या दृष्टीने तिचे पहिले नाव ‘स्नेहा रमेश’ हे एकच नाव होय. मधले नाव अशी संकल्पनाच तेथील कागदांत नाही.

इटलीत प्रत्येकाला ‘कोदिचे फिस्काले’ हा सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक घ्यावा लागतो. घराचा करार, बँक खाते, मोबाइलचे सिम, दवाखाना, सगळीकडे तो मागतात. तो नावावरूनच तयार होतो. पहिली तीन अक्षरे आडनावातील रोमन व्यंजनांची, पुढची तीन नावातील व्यंजनांची. नावात चार किंवा अधिक व्यंजने असतील तर पहिले, तिसरे आणि चौथे घेतले जाते. नुसत्या स्नेहाची अक्षरे ‘एस, एन, एच’ अशी होतात, तर ‘स्नेहा रमेश’ची ‘एस, एच, आर’ अशी. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले की ती संगणकासाठी दोन वेगळी माणसे ठरतात, आणि ती पुन्हा एक करण्यासाठी महिनाभर खेटे घालावे लागतात. विद्यापीठाच्या अर्जापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. आणखी एक गोष्ट मुलींनी लक्षात ठेवावी : या क्रमांकात स्त्रियांच्या जन्मतारखेत 40 मिळवलेले असतात, त्यामुळे 12 तारखेचा जन्म असेल तर तेथे 52 दिसतील. ती चूक नाही, दुरुस्तीसाठी धावपळ करू नये.

घर

बोलोन्यात सर्वांत अवघड काम घर मिळवण्याचे आहे आणि ते प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवसापासून सुरू करावे. या शहराला विद्यार्थ्यांना जागा देण्याची सवय शेकडो वर्षांची आहे. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या ज्या कमानदार ओसऱ्यांमुळे, म्हणजे ‘पोर्तिकोंमुळे’, शहर प्रसिद्ध आहे, त्या मुळात वाढत्या वस्तीला जागा करून देण्यासाठी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढल्यामुळे निर्माण झाल्या. 1288 मध्ये नगरशासनाने प्रत्येक नव्या घराला अशी ओसरी सक्तीची केली आणि घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतकी, म्हणजे किमान 2.66 मीटर, उंची ठरवून दिली. आज शहरभर मिळून सुमारे 62 किलोमीटरच्या ओसऱ्या आहेत आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढे असूनही दर सप्टेंबरला खोल्या अपुऱ्या पडतात.

जाहिरातीत ‘स्तांझा सिंगोला’ म्हणजे एकट्यासाठी खोली, ‘स्तांझा दोप्पिया’ म्हणजे दोघांची खोली आणि ‘पोस्तो लेत्तो’ म्हणजे दोघांच्या खोलीतील एक खाट. शहराच्या जुन्या भागात एकट्याच्या खोलीला महिना पाचशे युरोंहून अधिक भाडे सहज पडते. व्हिया झांबोनी आणि पियात्सा व्हेर्दी हा परिसर विद्यापीठाला अगदी लागून असला, तरी तेथे रात्री उशिरापर्यंत गजबज असते. ज्याला शांतपणे अभ्यास करायचा आहे त्याने स्टेशनच्या पलीकडचा बोलोन्यीना, सान दोनातो किंवा सारागोत्सा हे भाग पाहावेत. शहर आटोपशीर आहे, सायकलवर किंवा बसने वर्गात पोहोचायला फार वेळ लागत नाही.

घर न पाहता पैसे पाठवू नयेत. ‘मी सध्या परदेशी आहे, अनामत भरा, चावी कुरियरने पाठवतो’ असे सांगणारा घरमालक फसवणूक करणाराच असतो, हे गृहीत धरावे. पहिले दोन-तीन आठवडे वसतिगृहात किंवा तात्पुरत्या खोलीत काढून, प्रत्यक्ष पाहून घर घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. अनामत रकमेला बोलीत ‘कापार्रा’ म्हणतात आणि ती कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा करार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा असतो आणि तो तीस दिवसांच्या आत कर कार्यालयात नोंदवावा लागतो.

‘करार नोंदवलेला आहे का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. मी तो विचारला नव्हता. माझी पहिली खोली छान होती, खिडकीतून विटांच्या लाल छपरांची रांग दिसायची, आणि घरमालक गोड बोलून नोंदणी पुढे ढकलत राहिला. नोंदवलेला करार नसल्यामुळे नगरपालिकेत माझी निवासनोंद होऊ शकली नाही आणि निवासनोंद नाही म्हणून इटालियन ओळखपत्रही मिळाले नाही. शेवटी मला सत्राच्या मध्यात घर बदलावे लागले, आणि त्याच पंधरवड्यात माझी पहिली परीक्षा होती. पाच मिनिटांचे ते बोलणे अवघड वाटले तरी ते टाळू नये.

पोहोचल्यावरचे पहिले आठ दिवस

इटलीत प्रवेश केल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी, म्हणजे ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’साठी, अर्ज करावा लागतो. हा अर्ज पोस्टात द्यायचा असतो, मात्र कोणत्याही पोस्टात नाही. ज्या पोस्टावर ‘स्पोर्तेल्लो आमीको’ असे लिहिलेले असते तेथे पिवळ्या पट्ट्याचा लिफाफा विनामूल्य मिळतो. त्यातील अर्ज काळ्या शाईने, ठळक रोमन अक्षरांत भरावा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे आणि विद्यार्थी संघटनांकडे भरून दाखवलेले नमुने असतात, ते समोर ठेवावेत. लिफाफ्यात पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या छायाप्रती, प्रवेशाचा पुरावा, पैशांचा पुरावा आणि आरोग्यविम्याची प्रत घालायची. 16 युरोंचे ‘मार्का दा बोल्लो’ हे मुद्रांक तंबाखूच्या दुकानात मिळते. त्याचे चिन्ह निळ्या पाटीवरचा पांढरा ‘टी’ हे आहे. मुद्रांक, टपालाचे 30 युरो, कार्डाचे 30.46 आणि एका वर्षाच्या परवान्याचे 40 युरो मिळून 116.46 युरो खर्च येतो.

लिफाफा घरी चिकटवू नये. खिडकीतील कर्मचारी आतील कागद तपासतात, पासपोर्ट पाहतात आणि मगच तो बंद करतात. हातात येणारी पावती जपून ठेवावी, कारण प्रत्यक्ष कार्ड मिळेपर्यंत महिने जातात आणि तोवर तीच पावती तुमच्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा असते. तिच्यावरील दोन सांकेतिक क्रमांकांनी अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता येते. पोलिस मुख्यालयाची, म्हणजे ‘क्वेस्तूरा’ची, भेटीची तारीखही पोस्टातच मिळते. तेथे बोटांचे ठसे घेतले जातात. दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचावे, मूळ कागद आणि छायाचित्रे सोबत ठेवावीत आणि त्या दिवशी दुसरे काही काम ठरवू नये. व्हिसाची मुदत संपल्यावर नुसत्या पावतीवर पॅरिस किंवा बर्लिनला जाऊन येण्याचा विचार करू नये, शेंगेन क्षेत्रातील इतर देशांसाठी ती पुरेशी नसते.

याच आठवड्यात कर कार्यालयातून कोदिचे फिस्काले पक्के करून घ्यावे. आरोग्यासाठी दोन पर्याय आहेत : खासगी विमा किंवा राष्ट्रीय आरोग्य सेवेत ऐच्छिक नोंदणी. 2024 पासून विद्यार्थ्यांना या नोंदणीसाठी वर्षाला 700 युरो भरावे लागतात आणि ती कॅलेंडर वर्षापुरती असते, म्हणजे ऑक्टोबरमध्ये पैसे भरले तरी 31 डिसेंबरला मुदत संपते. म्हणून शरद ऋतूत येणाऱ्याने पहिल्या काही महिन्यांसाठी विमा आणि जानेवारीपासून नोंदणी असा विचार करावा. ज्याला जुना आजार किंवा नियमित औषधे आहेत त्याने नोंदणीच करावी, कारण स्वतःचा नेमून दिलेला डॉक्टर मिळणे हे मोठे सुख आहे.

वर्ग आणि परीक्षा

वर्ग बहुधा सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात. वेळापत्रकात नऊ लिहिले असले तरी व्याख्यान सव्वानऊला सुरू होते, ही जुनी प्रथा आहे. एका क्रेडिटमागे 25 तासांचे काम धरलेले असते आणि वर्षाला 60 क्रेडिटे अपेक्षित असतात. वर्गातील तास त्यातील लहान भाग असतो, बाकीचे वाचन स्वतः करायचे असते.

परीक्षा जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर अशा काळांत होतात आणि प्रत्येक विषयासाठी अनेक तारखा दिलेल्या असतात. विद्यापीठाच्या प्रणालीवर आपण स्वतः तारीख निवडून नाव नोंदवायचे. गुण 30 पैकी मिळतात आणि 18 ला उत्तीर्ण होतो. आपल्या मुलांना नवी असते ती तोंडी परीक्षा. खोलीत प्राध्यापक आणि एखादा सहायक टेबलापाशी बसलेले असतात, मागच्या बाकांवर पाळीची वाट पाहणारे विद्यार्थी असतात, आणि सर्वांसमक्ष वीस-तीस मिनिटे प्रश्नोत्तरे चालतात. माझ्या पहिल्या परीक्षेत प्राध्यापकांनी विचारले, ‘तुम्हाला कोणत्या विषयाने सुरुवात करायला आवडेल?’ मी गोंधळलो. हा प्रश्न सौजन्याचा असतो, त्यासाठी आपला आवडता भाग तयार ठेवावा आणि तेथून सविस्तर बोलावे. शेवटी गुण सांगितले जातात आणि ते पटले नाहीत तर बहुतेक वेळा नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येते. मात्र शिष्यवृत्ती असलेल्यांनी नकार देताना दिनदर्शिका पाहावी, कारण पहिल्या वर्षी ठरवून दिलेली क्रेडिटे 10 ऑगस्टपर्यंत मिळवावी लागतात आणि ती झाली नाहीत तर शिष्यवृत्ती धोक्यात येते.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी इटालियन शिकावेच, हे माझे ठाम मत आहे. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात विद्यार्थ्यांसाठी वर्ग असतात. मराठी माणसाला एक गोष्ट लवकर उमगते : आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही-आपण’सारखाच इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेई’ असा भेद आहे. प्राध्यापक, डॉक्टर, खिडकीतील कर्मचारी आणि वयस्क शेजारी यांच्याशी ‘लेई’ वापरावे. दुकानात किंवा कार्यालयात शिरताना आधी ‘बुओन्जोर्नो’ म्हणावे आणि मग कामाचे बोलावे. एवढ्याने समोरच्याचा सूर बदलतो.

जेवण

बोलोन्याला इटलीत ‘ला ग्रास्सा’ म्हणतात, म्हणजे खाऊनपिऊन गुटगुटीत. हे खाणे बहुतांशी डुकराच्या मांसावर उभे आहे, म्हणून शाकाहारी विद्यार्थ्याने शब्द नीट वाचावेत. ‘तोर्तेल्लीनी’ हे लहान असतात आणि त्यांत मांसाचे सारण असते. ‘तोर्तेल्लोनी’ हे मोठे असतात आणि त्यांत बहुधा रिकोत्ता हे ताजे चीज असते. पाटीवर एका स्वराचा फरक, ताटात मात्र फार मोठा. ‘क्रेशेन्तीने’ तळताना आणि ‘पियादीना’ मळताना डुकराची चरबी वापरलेली असू शकते, तिचे नाव ‘स्त्रुत्तो’. पारमेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते, कडक शाकाहारी असणाऱ्यांनी हेही जाणून असावे.

घरी मात्र अडत नाही. कोणत्याही सुपरमार्केटमध्ये ‘फारीना दि चेची’ या नावाने मिळणारे पीठ म्हणजे हरभऱ्याचे पीठ. आपल्या बेसनापेक्षा ते किंचित वेगळे लागते, पण लसूण, मोहरी आणि हिरवी मिरची घातली की पिठले उत्तम होते. पोळीसाठी ‘इन्तेग्राले’ लिहिलेले गव्हाचे पीठ घ्यावे. हिंग, गोडा मसाला आणि आमसुले घरूनच न्यावीत, डाळी आणि तांदूळ दक्षिण आशियाई दुकानांत मिळतात. दुपारी विद्यापीठाच्या भोजनगृहात, म्हणजे ‘मेन्सा’त, शिष्यवृत्तीधारकांना स्वस्तात पूर्ण जेवण मिळते.

काम, नूतनीकरण आणि पदवीनंतर

विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला 20 तास आणि वर्षाला 1,040 तासांपर्यंत नोकरी करता येते. पहिल्या सत्रात ती करू नये, असा माझा सल्ला आहे. भाषा, परीक्षा आणि कार्यालये यांतच ते सत्र जाते. परवान्याच्या नूतनीकरणासाठी पहिल्या वर्षी किमान एक आणि त्यानंतर दरवर्षी किमान दोन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीच अर्ज करावा लागतो. ही तारीख कार्ड हाती आल्याच्या दिवशीच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.

अंतिम पदवी 110 पैकी गुणांनी मिळते आणि त्या दिवशी विद्यार्थी डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून ओसऱ्यांखालून फिरताना दिसतात. पदवी मिळण्यापूर्वी आसिनेल्ली मनोऱ्यावर चढले तर पदवी मिळत नाही, अशी येथील विद्यार्थ्यांची समजूत आहे. शेजारच्या झुकलेल्या गारिसेन्दा मनोऱ्यात धोकादायक हालचाल आढळल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये आसिनेल्लीही पाहुण्यांसाठी बंद करण्यात आला. पदवीनंतर इटलीतच नोकरी शोधायची असेल तर त्यासाठी वेगळा, नऊ ते बारा महिन्यांचा परवाना मिळतो. त्याचा अर्ज विद्यार्थी परवान्याची मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो, आणि त्यासाठीही पुन्हा त्याच पोस्टात जाऊन पिवळ्या पट्ट्याचा लिफाफा मागावा लागतो.